नवी अ‍ॅडव्हेंचर बाइक आली, आता आधी काय बसवायचं? (सोसायटी ग्रुप)

ए-४०४: मंडळी, गाडी आली! पार्किंगमध्ये कव्हरखाली जी उंच दिसतेय ती माझीच. शनिवारी सगळं एकदम बसवून घेतोय. यादी: क्रॅश गार्ड, बॅश प्लेट (इंजिनाखालचं कवच), हँडगार्ड, दोन जादा दिवे, टॉप बॉक्स, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, हँडल रायझर (हँडल उंच करणारा तुकडा), समोरची उंच काच, फोनचं माउंट, यूएसबी चार्जर. काही राहिलं का?

डी-३०१ काकू: अभिनंदन 🙏 पण हा ग्रुप पाणी आणि पार्किंगच्या सूचनांसाठी आहे.

ए-१०२ सेक्रेटरी: काकू, गाडी पार्किंगमध्येच आहे. चालू द्या.

बी-२०३ काका: राहिलं काहीच नाही रे, उलट जास्त झालंय. अभिनंदन आधी. आता यादीतलं अर्धं खोड.

ए-४०४: 😀 काका, सुरुवातच खोडण्यापासून?

बी-२०३ काका: हो, कारण गाडी तुझ्या अंगाला कशी बसते हेच तुला अजून माहीत नाही. रायझर का हवाय? कुणाच्या तरी गाडीवर पाहिला म्हणून. आधी फुकटातली कामं कर. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन बदलून बघ. बसून छान वाटणारा कोन पाय ठेवायच्या पायरीवर उभं राहिल्यावर मनगट मोडतो, म्हणून दोन्हीच्या मधला शोधावा लागतो. लिव्हरचे क्लॅम्प फार कचकचून आवळू नकोस. गाडी आडवी झाली तर लिव्हर फिरली पाहिजे, तुटता कामा नये. हँडल क्लॅम्पमध्ये किंचित पुढे-मागे फिरवता येतं, तेही बघ. एवढं करून खांदे दुखले तर मग रायझर. आणि घेतलाच तर बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल, ब्रेकची नळी आणि वायरी ताणल्या जात नाहीत ना ते पाहायचं.

बी-२०३ काका: काचेचंही तेच. उंच काच म्हणजे वारा कमी असं सरळ गणित नाही. काचेच्या कडेवरून सुटलेला भोवरा नेमका हेल्मेटवर आला तर डोकं तासभर ढोलासारखं वाजतं. काही वेळा काच खाली केल्यावर आराम पडतो.

बी-५०२: काका, सस्पेन्शन विसरलात.

बी-२०३ काका: विसरलो नाही, जेवायला उठलो होतो. हे नीट वाच. मागचं चाक जमिनीवरून सुटेल एवढी गाडी उचल आणि चाकाच्या आसापासून बरोबर वरच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर मोज. मग हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून गाडीवर बस आणि दुसऱ्या कुणाला तरी तेच अंतर पुन्हा मोजायला सांग. दोन्हींतला फरक एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) साधारण ३० टक्के हवा. तुझा ट्रॅव्हल २०० मिमी असेल तर ६० मिमीच्या आसपास. जास्त दबत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढव. सामान लादलंस की पुन्हा वाढव. मागून बसलेली गाडी वळायला आळशी होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

ए-४०४: हे शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही.

बी-२०३ काका: त्यात विकण्यासारखं काही नाही ना.

सी-५०१ ताई: मुद्दा वजनाचा पण आहे. मॅन्युअलमध्ये कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून टाकी भरलेल्या गाडीचं वजन वजा कर. उरलेल्या आकड्यात तू, मागे बसणारं माणूस, गार्ड, पेट्यांचे स्टँड, पेट्या आणि पेट्यांतलं सामान, सगळं येतं. लोखंडी गार्ड आणि रिकाम्या पेट्यांनीच त्यातला बराच भाग खाल्ला तर कपडे कशात नेणार?

ए-४०४: ताई, पण पेट्यांशिवाय अ‍ॅडव्हेंचर बाइक दिसत नाही हो तशी.

सी-५०१ ताई: 🙄

बी-२०३ काका: दिसण्यासाठी हवं असेल तर स्टिकर लाव. जड सामान खाली आणि तुझ्या जवळ राहिलं पाहिजे. टॉप बॉक्स मागच्या आसाच्याही मागे लटकतो. त्यात जड भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. टॉप बॉक्सला वजनाची आणि वेगाचीही मर्यादा असते, बहुतेक वेळा झाकणाच्या आतल्या स्टिकरवर छापलेली. आणि कच्च्या रस्त्यावर जाणार असशील तर अ‍ॅल्युमिनियमची पेटी नकोच. वाळूत तोल गेला की माणूस पाय खाली टेकवतो, गाडी पुढे जाते आणि पेटी पोटरीवर येते. कापडी बॅग अशा वेळी दबते. पेटीला कुलूप लागतं, एवढा तिचा फायदा मान्य.

डी-३०१ काकू: ते जादा दिवे आमच्या खिडकीत येणार नाहीत ना? तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही.

बी-५०२: काकू, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले तर दिवे चुकीचेच लागलेत असं समजा 😄

सी-५०१ ताई: काकूंचं बरोबर आहे. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीखाली राहायला हवा आणि तो गाडीवर बसून तपासायचा, स्टँडवर नाही. जादा दिवे कुठे, किती आणि कधी लावायचे याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेही आधी बघ. आता वायरिंगचं बोलते, कारण खरं काम तिथेच बिघडतं. शनिवारी हे कोण करणार आहे?

ए-४०४: दिवे विकणारा मुलगाच बसवून देतो म्हणाला. अर्ध्या तासात.

सी-५०१ ताई: अर्ध्या तासात तो हेडलाइटची वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळेल. नको.

सी-५०१ ताई: हिशोब बघ. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट. भागिले १२ व्होल्ट, साधारण ३.३ अँपिअर. एवढा करंट हँडलवरच्या छोट्या स्विचमधून किंवा दुसऱ्या दिव्याच्या बारीक वायरमधून न्यायचा नाही, रिले लावायचा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पायांच्या रिलेवर आकडे असतात: ३० ला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून दिव्याला, ८५ आणि ८६ ही कॉइल. कॉइलला इग्निशन चालू असतानाच येणारी एखादी लाइन द्यायची. म्हणजे मूळ वायरिंगवर कॉइलपुरता किरकोळ भार पडतो आणि किल्ली काढली की सगळं बंद.

सी-५०१ ताई: फ्यूज हा दिवा वाचवण्यासाठी नसतो, तो वायर जळू नये म्हणून असतो. म्हणून बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ. दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाबाहेरच राहिली. तुझ्या दिव्यांना ५ अँपिअर पुरे. तो उडतोय म्हणून कुणी लाल (१०) किंवा निळा (१५) घालायला सांगितला तर त्याच्याकडून गाडी परत आण. फ्यूज का उडतोय ते आधी शोधायचं.

बी-५०२: सोल्डर की क्रिम्प?

सी-५०१ ताई: चांगल्या पकडीने क्रिम्प (धातूची नळी दाबून केलेला जोड) आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि कंपनांनी बरोबर तिथेच तुटते. आणखी एक, बॅटरी सोडवताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. प्लस खोलताना पाना फ्रेमला टेकला आणि मायनस जोडलेलाच असेल तर ठिणग्या तुलाच दिसतील.

ए-४०४: ताई, गाडीला कॅन बस आहे म्हणाले. त्याने फरक पडतो?

सी-५०१ ताई: पडतो. कॅन बस म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती जोडणी. अशा गाडीचा कंट्रोलर काही सर्किटांचा करंट बघत असतो. मधेच वायर कापून काही जोडलंस तर डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागू शकतो, नाहीतर ती लाइनच बंद होते. बऱ्याच गाड्यांना जादा वस्तूंसाठी तयार कनेक्टर असतो, सीटखाली किंवा हेडलाइटमागे. मॅन्युअलमध्ये शोध. आणि वॉरंटीचं तोंडी नको, डीलरकडून लेखी घे.

ए-४०४: मग यूएसबी चार्जर तरी थेट बॅटरीवर चालेल? छोटासाच आहे.

सी-५०१ ताई: फोन न लावताही काही चार्जर थोडा करंट खातात. समज १० मिलीअँपिअर. दिवसाला ०.२४ अँपिअर-तास, महिन्याला सातच्या वर. तुझी बॅटरी आठ-नऊची असेल. महिनाभर गाडी उभी ठेवून ये आणि स्टार्टर दाबून बघ. त्यालाही इग्निशनवरच लाइन दे.

बी-५०२: चार्जर घेताना वॉट बघ रे. नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस सतत. ५ वॉटचा चार्जर लावूनही बॅटरी उतरत जाते. १८-२० वॉटचा घे. आणि झाकणवाला, पाणी जातं आत.

बी-५०२: सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन कुठला लावणार आहेस?

ए-४०४: हाच, माझा आयफोन. माउंट धातूचा आहे, एकदम घट्ट.

बी-५०२: घट्ट आहे म्हणूनच विचारतोय. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची कंपनं हँडलवरून थेट फोनला पोचली तर कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, ओआयएस) आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं. त्या कॅमेऱ्यात आतला भाग घट्ट बसवलेला नसतो, चुंबकाच्या जोरावर हलतो. सतत थरथरला की कामातून जातो, मग फोटो धूसर. हा प्रश्न एकट्या आयफोनचा नाही, ओआयएस असलेल्या कुठल्याही फोनचा. लावायचाच असेल तर रबरी डॅम्परवालं (कंपनं शोषणारं) माउंट घे. अ‍ॅपलचा सल्ला तर मोठ्या इंजिनाच्या गाडीवर लावूच नका असा होता; डॅम्परवालं माउंट त्यांनी मोपेड-स्कूटरसाठी सांगितलं, आणि तिथेही नेहमी फार वेळ लावू नका असं.

डी-३०१ काकू: घरात कुणाचा जुना फोन पडलेला नसतो का? तोच लावा की.

बी-५०२: काकू 👏 हेच मी लिहिणार होतो.

ए-४०४: त्यात सिम नाही पण.

बी-५०२: जीपीएसला सिम लागत नाही, उपग्रहाकडून फक्त ऐकायचं असतं. नेट नसेल तर पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो, कारण उपग्रह माहिती सेकंदाला ५० बिट या कासवगतीने पाठवतो. पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं. फोन तेवढं थांबत नाही, गरजेपुरतं घेतो, तरी निघण्याआधी घरच्या वायफायवर नकाशा एकदा उघडून ठेवला की काम झटपट होतं. नकाशे आधी उतरवून ठेव. गुगलवर भाग निवडून ऑफलाइन ठेवता येतो, पण त्यात वाहतूक कोंडी दिसत नाही आणि तो भाग अधूनमधून अपडेट करावा लागतो. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड हे अ‍ॅप टाक. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात, आणि पायवाटा, कच्चे रस्ते यांत पुष्कळदा जास्त सापडतात.

ए-४०४: एका मित्राने जीपीएक्स फाइल (वाटेच्या नोंदीची) पाठवलीये. ती गुगल मॅपमध्ये उघडत नाही.

बी-५०२: नाही उघडणार. ऑसमअँडमध्ये उघड. आणि फाइलमध्ये ट्रॅक आहे की रूट ते बघ. ट्रॅक म्हणजे तो जिथून प्रत्यक्ष गेला ती रेघ, तिच्यावरून तसंच जायचं. रूट म्हणजे मोजकी ठिकाणं, मधला रस्ता तुझं अ‍ॅप स्वतः ठरवतं, आणि हमखास हमरस्त्यावर नेतं. ज्या घाटासाठी मित्राने फाइल पाठवली तोच घाट वगळून येशील.

बी-२०३ काका: मी अजूनही कागदावर वळणं लिहून टाकीवरच्या बॅगेत ठेवतो. हसा. डाकार रॅली, ती वाळवंटातली शर्यत, १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघाली तेव्हा कुणाकडे फोन होता? हँडलवर कागदाची गुंडाळी फिरवत पुढे अनेक वर्षं लोकांनी वाळवंट पार केलं.

सी-५०१ ताई: काका, तेव्हा हरवतही पुष्कळ होते.

बी-२०३ काका: आता फोन बघताना धडकतात. ६० च्या वेगात दोन सेकंद नजर खाली गेली तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून फोन कुठे लावतोस हे कुठलं माउंट यापेक्षा मोठं. टाकीजवळ खाली नको, मीटरच्या वर, नजरेच्या रेषेजवळ हवा, आणि मीटरमधले धोक्याचे दिवे झाकता कामा नयेत. खरं तर स्क्रीन बंद ठेवून आवाजावर जा. हेल्मेटमध्ये स्पीकर लावायला, जिथे चालवतोस तिथल्या नियमात परवानगी असेल तर तेवढं पुरतं.

बी-५०२: स्क्रीन बंद ठेवली तर उष्णताही कमी. भर उन्हात चार्जिंग आणि पूर्ण उजेड एकत्र आलं की फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंदच पडतो. आयफोनला तर अ‍ॅपलने भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगितलंय. वायरलेस चार्जिंगचं माउंट त्यात आणखी भर घालतं, त्यापेक्षा वायर बरी. आणि पावसात थेंबच स्क्रीनवर बोटं लावतात. नकाशा भलतीकडेच सरकतो. निघताना स्क्रीन लॉक होईल अशी सोय करून ठेव.

ए-४०४: ठीक. मग शनिवारी फक्त क्रॅश गार्ड, बॅश प्लेट, हँडगार्ड, डॅम्परवालं माउंट आणि रिलेवर चार्जर. दिवे आणि बॅगा पहिल्या सर्व्हिसनंतर. रायझर, काच, टॉप बॉक्स खोडले. काका खूश?

बी-२०३ काका: निम्मा. क्रॅश गार्ड इंजिनाच्या माउंटिंग बोल्टांवर बसणार असेल तर एका वेळी एकच बोल्ट काढायचा, दोन्ही एकदम काढलेस तर इंजिन सरकेल. आणि सगळं दोन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं. नवी वस्तू बसते तशी ढिली पडते. साखळीचा ढिलेपणाही बघ, प्रीलोड बदलला की तो बदलतो.

ए-४०४: थ्रेडलॉक (बोल्ट ढिला न होऊ देणारा चिकट द्रव) लावू का सगळ्या बोल्टांना?

सी-५०१ ताई: लावायचं तिथे निळं. लाल लावलंस तर पुन्हा खोलायला बोल्ट तापवावा लागतो. टॉर्क रेंच (ठरल्या जोरानेच आवळणारा पाना) आहे का कुणाकडे?

बी-५०२: माझ्याकडे आहे, पण २० न्यूटन-मीटरच्या वरचा. लिव्हरच्या क्लॅम्पला चालणार नाही.

सी-५०१ ताई: लहान माझ्याकडे आहे. मल्टिमीटरही आणते. तू मॅन्युअल घेऊन ये, आकडे त्यातले घेऊ, व्हिडिओतले नको.

ए-१०२ सेक्रेटरी: शनिवारी दहाच्या आत उरका. नंतर पार्किंग धुवायचं आहे.