मदत हवी: पहिलीच घरची बिअर ६ ब्रिक्सवर (साखरेचं माप) अडून बसली आहे, बाटल्या भरू का?

नमस्कार मंडळी. प्रश्न खाली आहे, आधी थोडं पाल्हाळ.

वर्षभरापूर्वीपर्यंत बिअर म्हणजे पिवळी, थंडगार, किंचित कडू, एवढीच माझी समज. मग एका मित्राने हेफेवाइझेनचा, म्हणजे गव्हाच्या जर्मन बिअरचा, ग्लास हातात दिला. गढूळ, वर बोटभर फेस, आणि वास चक्क पिकल्या केळ्याचा! यात केळ्याचा इसेन्स घालतात का, असं मी विचारलं आणि तो इतका हसला की मी इरेला पेटून वाचायला बसले. केळंबिळं काही नसतं, आंबताना यीस्टच तो वास तयार करतं. लवंगेसारखी झाक येते तीही त्याचीच करणी. पुढे कळलं की एल आणि लागर या बिअरच्या दोन मुख्य प्रकारांतला भेद रंगाचा नाही, यीस्टचा आणि तापमानाचा आहे: एल साधारण १८ ते २२ अंशांवर आंबते, लागरला ८ ते १३ अंशांचा गारवा लागतो. काळीकुट्ट स्टाउट जड असणार असं वाटायचं, पण तिचा रंग भाजलेल्या बार्लीचा. ड्राय स्टाउट बऱ्याचदा ४-४.५ टक्क्यांचीच असते. आयपीए, ती जास्त कडू एल, मात्र मला अजून झेपत नाही. असो.

लागर गार ठेवायची सोय नाही, म्हणून पहिला प्रयोग गव्हाच्या बिअरचा. १० लिटर पाणी, गव्हाच्या माल्टचा अर्क, थोडे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), तासभर उकळी. २० अंशांपर्यंत निववून कोरडं यीस्ट घातलं. दुसऱ्या दिवशी फेस झाकणाला टेकला होता, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) रात्रभर बुडबुडत होता. पाचव्या दिवशी सगळं शांत.

माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं यंत्र) आहे. यीस्ट घालण्यापूर्वी १२ ब्रिक्स, म्हणजे घनता १.०४८ (पाणी १ धरून; साखर आंबते तशी ती उतरते). सातव्या दिवशी ६. नवव्या दिवशी ६. आज अकरावा, तरी ६! तक्त्यात बघितलं तर १.०२४ येतं, आणि कृतीत लिहिलंय १.०१० ते १.०१२. यीस्ट मेलं का? नवीन घालू? एक अनुभवी परिचित म्हणतो, "बुडबुडे थांबले ना, मग भर बाटल्या." चव घेतली तर गोड अजिबात लागत नाही, उलट पातळ आणि आंबटसर. केळ्याचा वास आहे, त्यामुळे टाकून द्यायचा जीव होत नाही.

प्रतिसाद १

कृपा करून आत्ता भरू नका. एअरलॉक हे मोजमाप नव्हे. झाकण जरा सैल असलं तरी वायू बाजूने निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत. हिशेब बघा. बंद बाटलीत घनता २ अंकांनी (म्हणजे ०.००२ ने) उतरली की अंदाजे १ आकारमान, म्हणजे बिअरइतक्याच आकारमानाचा, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुमची बिअर खरंच १.०२४ वर असेल आणि बाटलीत १.०१० पर्यंत उतरली, तर ७ आकारमानं झाली. साधी बिअरची बाटली ३ च्या पुढे भरवशाची नाही. काचा भिंतीत रुतलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि घरी बिअर करायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे ना, तेवढं बघून घ्या.

प्रतिसाद २

वरचा इशारा रास्तच, पण मला वाटतं यीस्ट बिचारं निर्दोष आहे. गुन्हेगार तुमचं यंत्र आहे.

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते बघून साखर सांगतो. आंबण्यापूर्वी ते चालतं. पण अल्कोहोलही प्रकाश वाकवतं, त्यामुळे आंबल्यानंतरचा आकडा फुगलेला येतो आणि साधा तक्ता निरुपयोगी ठरतो. सुरुवात १२ आणि आता ६, हे दुरुस्तीच्या सूत्रात घातलं की १.०१० च्या आसपास येतं. म्हणजे जिथे पोचायचं होतं तिथेच! गोड लागत नाही असं तुम्हीच लिहिलंय; १४ अंकांची साखर उरली असती तर जिभेला नक्की कळली असती.

तरी सूत्रावर विसंबून भरू नका. हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) मिळवा, नमुना २० अंशांवर आणा, हलवून त्यातला वायू काढा आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा तोच राहिला की भरा. नवीन यीस्ट नको, ढवळणं तर मुळीच नको. हवा मिसळली की ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

धागाकर्ती

अहो, चार रात्री मी त्या ड्रमला ब्लँकेट गुंडाळून बसले होते! हायड्रोमीटर आणला. बुधवारी १.०११, शनिवारी १.०११. म्हणजे अल्कोहोल ५ टक्क्यांच्या जरा खाली. आता बाटलीत फेस यावा म्हणून साखर किती घालायची?

प्रतिसाद २

लिटरला ७ ग्रॅम. मात्र १० लिटर धरून ७० ग्रॅम मोजू नका; उकळीत आणि तळच्या गाळात बरंच जातं, हाती येईल तेवढीच बिअर मोजा. साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळा. बाटलीगणिक चमच्याने घातली तर एक सपक आणि दुसरी कारंजं. एक बाटली सोड्याची प्लॅस्टिकची भरा, म्हणजे दाब बोटांना कळेल. बाकीच्या झाकणाच्या खोक्यात, अंधारात. उजेड लागला की हॉप्समुळे घाण वास येतो.

धागाकर्ती

१२ बाटल्या भरल्या. आज पाचवा दिवस, प्लॅस्टिकची दाबून दबत नाहीये. सगळ्या फ्रिजमध्ये टाकू का?

प्रतिसाद १

एकच टाका, चोवीस तासांनी उघडा आणि इथे सांगा. बाकीच्यांना दोन आठवडे हात लावू नका.