किटकॅट काढून एमसीबी लावला, आता पंप सुरू करताना पडतो. ३२ अँप लावू का?

कुळागर_डिचोली
नमस्कार मंडळी. पंपासाठी जुन्या बोर्डावर १५ अँपचा किटकॅट (तारेचा फ्यूज) होता. तो काढून बी कर्व्हचा १६ अँप एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा ब्रेकर) बसवला. पंप दीड एचपी, सिंगल फेज सबमर्सिबल, नेमप्लेटवर १० अँप. घरापासून विहिरीपर्यंत अडीचची (२.५ चौरस मिमी) तांब्याची वायर, साधारण ६० मीटर. घरातला भाग कौलांखालून पीव्हीसी पाईपमधून जातो, त्याच पाईपमध्ये आणखी एक सर्किट आहे. किटकॅट कधी वितळला नाही, पण एमसीबी पाचांतून दोनतीनदा पंप चालू करताक्षणीच पडतो. एकदा पंप फिरू लागला की दोन तास काही होत नाही. वायरमन म्हणतो ३२ लावून टाकूया. चालेल का? की एमसीबीच खराब आला?

तारवाला_फोंडा
एमसीबी चांगला आहे, कर्व्ह (किती पट करंटला तो झटक्यात पडतो तो प्रकार) चुकला आहे. ३२ अजिबात लावू नका.

एमसीबीच्या आत दोन वेगळ्या गोष्टी असतात. बायमेटलची पट्टी जास्त लोडने हळूहळू तापून वाकते, आणि कॉइल शॉर्टसर्किटला झटक्यात खटका ओढते. तुमचा बटण दाबताक्षणी पडतो म्हणजे काम कॉइलचे. पंधरावीस मिनिटांनी पडला असता तर पट्टीवर संशय घेतला असता. बी कर्व्हची कॉइल रेटिंगच्या ३ ते ५ पटीत कुठेही ओढू शकते, म्हणजे बी१६ ला ४८ ते ८० अँप. दहा अँपचा पंप सुरू होताना पाचपट धरला तरी ५० अँप घेतो. अगदी उंबरठ्यावर, म्हणून कधी पडतो, कधी नाही. सी१६ लावा. त्याची कॉइल ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपला ओढते. ओव्हरलोडचे संरक्षण तेवढेच राहते, कारण पट्टी दोन्हींत १६ चीच.

किटकॅट टिकला याचे कारण त्याची तार वितळायला वेळ लागतो. एकदोन सेकंदांचे ५० अँप ती पचवते. पण ती नीट वितळायला रेटिंगच्या साधारण दुप्पट करंट सतत लागतो. १५ च्या किटकॅटमधून २५ अँप तासभर गेले तरी तो गप्प राहील आणि पाईपमधली वायर तापत राहील. हेसुद्धा किटकॅटमध्ये १५ अँपची ०.५ मिमीची कलई केलेली तार असेल तरच. बहुतेक किटकॅटमध्ये लवचिक वायरचे दोनतीन केस पिळून घातलेले सापडतात, तिथे तर कसलाच हिशोब लागत नाही.

मडगाव_इलेक्ट्रिक
सी२० लावला तर? पुढे दोन एचपीचा पंप घेतला तर जागा राहील.

वीज_वाळपई
मडगावबाब, या वायरवर २० सुद्धा बसत नाही. अडीचची पीव्हीसी वायर पाईपमध्ये, ३० अंशांना २४ अँप धरतात. कौलांखाली एप्रिल-मेमध्ये ४० अंश सहज होतात, म्हणून ०.८७ ने गुणा. पाईपमध्ये दुसरे सर्किट आहे, म्हणून ०.८. राहिले १६.७ अँप. ब्रेकर नेहमी वायरच्या या आकड्याच्या आत हवा. दोन एचपी घ्यायचा असेल तर आधी वायर चारची ओढा.

आता ३२ चे पाहा, कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो घातक आहे. ओव्हरलोडला वायर जळेल हे सगळे सांगतात, शॉर्टसर्किटचे कोणी बोलत नाही. अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. ६० मीटर जाऊन-येऊन ०.८९ ओहम. घरापर्यंत येणाऱ्या मागच्या लाईनचे ०.३ धरले तर विहिरीपाशी शॉर्ट झाल्यावर करंट येतो जेमतेम १९३ अँप. सी१६ ला १६० पुरतात, तो झटक्यात पडतो. सी३२ च्या कॉइलची खात्री ३२० अँपला. म्हणजे १९३ वर तो पट्टी तापायची वाट बघत बसू शकतो. आणि एवढ्या करंटला अडीचच्या वायरचे इन्सुलेशन साधारण सव्वादोन सेकंदांत आपल्या मर्यादेला पोचते. कौलांखाली लाकडी वासे असतील तर तिथेच आग लागते.

सी१६ मात्र अर्थ फॉल्टला (फेज बॉडीला टेकून जमिनीकडे गळतो तेव्हा) पुरेल असे समजू नका. सड्यावरच्या (पठारावरच्या) जांभ्या दगडात उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध फार वाढतो. अर्थिंगचा इलेक्ट्रोड ४० ओहमचा निघाला आणि सगळी भिस्त त्यावरच असली, तर फेज पंपाच्या बॉडीला टेकल्यावर वाहतात पावणेसहा अँप. कुठलाच एमसीबी त्याला पडणार नाही, बॉडी जिवंत राहील आणि कुळागरात (सुपारीच्या बागेत) माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असतो. पंपाला स्वतंत्र ३० मिलिअँपचा दोन पोलचा आरसीसीबी (करंटची गळती होताच पडणारा ब्रेकर) लावाच. वेगळा एवढ्यासाठी, की पंपाच्या गळतीने अख्खे घर काळोखात जाऊ नये. आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून सी१६ त्याच्यासोबत हवाच.

कुळागर_डिचोली
समजले, देव बरे करो. सी१६ आणि आरसीसीबी आणतो. न्यूट्रललाही एक जुना किटकॅट आहे, तो ठेवू का?

तारवाला_फोंडा
नाही. न्यूट्रलचा फ्यूज आधी वितळला तर पंप बंद दिसतो, पण फेज आत तसाच जिवंत असतो. मेन बंद करून तो काढा आणि तिथे लिंक (फ्यूजशिवायची सरळ जोडणी) टाका.

सी१६ लावूनही पंप गुरगुरत उशिरा फिरला आणि पाचदहा सेकंदांनी एमसीबी पडला, तर पॅनेलमधला स्टार्टिंग कपॅसिटर तपासा. तो कमजोर झाला की मोटर वेग धरत नाही आणि सुरुवातीचा करंट ताणला जातो. त्यात सुरू होताना या वायरवरच ४४ व्होल्ट खर्ची पडतात. चारची ओढली तर २८. मोटरच्या संरक्षणासाठी पॅनेलमधला ओव्हरलोड रिले नेमप्लेटच्या १० अँपला लावा, ते काम एमसीबीचे नाही.

एमसीबी बसवताना वायरचे काळपट झालेले टोक कापून ताजे तांबे काढा. खाऱ्या हवेत तांब्यावर थर चढतो, टर्मिनल तापते, ती ऊब शेजारच्या पट्टीला लागते आणि ब्रेकर ८-९ अँपलाच पडू लागतो. स्क्रू नीट आवळा, आठवड्याने मेन बंद करून पुन्हा एकदा आवळा.