फोन म्हणतो उणे 58 मीटर, नकाशा म्हणतो 27.40. अंगणाची खरी उंची कोणती?

परळची_सोसायटी: पावसाळ्याआधी विजेची मीटर रूम उंच करायची आहे. अंगणात फोनचं जीपीएस अ‍ॅप उणे 58 मीटर दाखवतं, बिल्डिंगच्या जुन्या नकाशावर अंगण 27.40 टीएचडी आहे, भरतीच्या तक्त्यात 4.80 मीटर. समुद्र आमच्या वर की खाली?

लेव्हलवाला: तिन्हींचं शून्य वेगळं आहे. फोन मोजतो ते पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. मुंबईत समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साधारण 60 ते 65 मीटर खाली आहे, म्हणून आकडा उणे. काही अ‍ॅप ही दुरुस्ती आपणहून करतात, तरी उंचीत 10 मीटरची चूक सहज होते. चाळी-टॉवरांच्या दाटीत तर जास्तच. तो आकडा सोडून द्या.

टीएचडी म्हणजे टाऊन हॉल डेटम, मुंबई पालिकेच्या कामात चालणारी उंची मोजायची शून्य पातळी. त्याचं शून्य समुद्रसपाटीच्या सुमारे 24 मीटर खाली. म्हणजे तुमचं अंगण समुद्रसपाटीच्या जेमतेम 3.4 मीटर वर.

भरती_ओहोटी: तक्त्यातले 4.80 हे चार्ट डेटमपासून, म्हणजे खोल ओहोटीच्या पातळीपासून. अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटी त्याच्या सुमारे 2.5 मीटर वर येते. वजा करा: भरती समुद्रसपाटीच्या 2.3 मीटर वर. अंगण तिच्याहून मीटरभर उंच, तरीही पाणी तुंबणार. पावसाळी गटाराचं तोंड बरंच खाली असतं. भरतीत ते बुडालं की पाण्याला उतारच उरत नाही.

परळची_सोसायटी: घड्याळातल्या बॅरोमीटरने मोजलं तर?

लेव्हलवाला: नको. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की घड्याळ 8 मीटर चढतं, आणि पावसाळ्यात दाब उतरलेलाच असतो.

सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल, म्हणजे आडवी सपाट रेषा दाखवणारी दुर्बीण, लावून घ्या. समजा बेंचमार्क (उंची आधीच माहीत असलेली खूण) 28.100, त्यावर उभ्या धरलेल्या स्टाफवर (मोजपट्टीवर) वाचन 1.245. दुर्बिणीची रेषा 29.345. अंगणात स्टाफ 1.870 आला तर अंगण 27.475. यंत्रापासून दोन्ही स्टाफ सारख्या अंतरावर हवेत, म्हणजे दुर्बिणीची रेषा किंचित कललेली असली तरी चूक कटते. मग यंत्र हलवून अंगणापासून बेंचमार्कपर्यंत उलट वाचन घ्या. 5 मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तर काम पुन्हा. नकाशानंतर अंगणात भराव पडला असेल तर तोही यात कळेल.

पाणी आजवर सर्वांत वर जिथे आलं, ती भिंतीवरची खूणही त्याच लेव्हलने घ्या. मीटरची पाटी त्या खुणेच्या वर चढवायची. समुद्राची उंची त्यात धरू नका.