‘१५ किलोटन वजनाचा बॉम्ब’ : सबटायटलमधले अणू आणि अस्त्रं

सबटायटलकार :
हिरोशिमावरच्या माहितीपटाचा खेळ आणि नंतर तज्ज्ञांचा परिसंवाद आहे. मराठी सबटायटलं हिंदी प्रतीवरून उतरवली आहेत. ‘अण्वस्त्र’ की ‘अण्वास्त्र’? ‘परमाणु’ तसाच ठेवायचा का? आणि ‘१५ किलोटन वजनाचा बॉम्ब’ खटकतंय, पण चुकलंय नेमकं कुठे?

व्याकरणवाला :
अण्वस्त्र. मनु + अंतर = मन्वंतर, तसं अणु + अस्त्र. तो जादा काना क्षेपणास्त्र, ब्रह्मास्त्र यांच्या ओढीनं येतो, पण तिथे आधीचा शब्द अकारान्त आहे. सुटा लिहिताना ‘अणू’ दीर्घ, समासात ऱ्हस्व : अणुबॉम्ब, अणुचाचणी. फेकायचं ते अस्त्र, हातात धरून चालवायचं ते शस्त्र, म्हणून ‘अणुशस्त्र’ नको. (‘निःशस्त्रीकरणा’त मात्र शस्त्र म्हणजे सगळीच हत्यारं. तिथे हा काथ्याकूट करू नये.)

भौतिकीवाला :
‘परमाणु’ काढाच. हिंदीतला परमाणु म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. ‘पानी का अणु’चं ‘पाण्याचा अणू’ केलंत तर शाळकरी पोरही हसेल. तसंच नाभिकचं (न्यूक्लियस) केंद्रक आणि संलयनचं (फ्यूजन, केंद्रकं जुळणं) संमीलन करा. विखंडन (फिशन, केंद्रक फुटणं) दोन्हीकडे चालतं.

आता किलोटन. त्या बॉम्बचं वजन साधारण ४.४ टन होतं. १५ किलोटन ही त्याची स्फोटशक्ती, म्हणजे १५,००० टन टीएनटी हे स्फोटक फुटल्यावर जेवढी ऊर्जा सुटेल तेवढी. एवढ्या वजनाचा बॉम्ब कुठलंही विमान उचलू शकणार नाही. पडद्यावर ‘स्फोटशक्ती : १५ किलोटन’ एवढंच पुरे. पुढच्या ओळीत ‘६४ किलो युरेनियम फुटलं’ असं असेल तर तेही सुधारा. बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं, त्यातल्या एक किलोपेक्षा कमी युरेनियमचं विखंडन झालं. बाकीचं तसंच उधळलं गेलं.

सबटायटलकार :
एके ठिकाणी ‘रिअ‍ॅक्टर क्रिटिकल झाला’ याला ‘अणुभट्टीची स्थिती गंभीर’ असं लावलंय.

भौतिकीवाला :
अर्थाचा पार अनर्थ! तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ला क्रिटिकल झाली, तेव्हा तिथे काही बिघडलं नव्हतं. साखळी अभिक्रिया, म्हणजे एका विखंडनातून पुढचं विखंडन, स्वबळावर टिकू लागली, एवढाच अर्थ. परिभाषेत ‘क्रांतिक’ आहे, पण ऐकणाऱ्याला आधी क्रांती आठवते आणि सबटायटल दोनचार सेकंदांत निघून जातं. ‘साखळी अभिक्रिया टिकली’ असं लिहा. ‘वीज सुरू झाली’ नको. वीज-अणुभट्टी ग्रिडला जोडणं ही पुढची पायरी असते.

सबटायटलकार :
आणि ‘फॉलआउट’? ‘दुष्परिणाम’ केलंय.

भौतिकीवाला :
फारच ढोबळ. स्फोटानंतर खाली बसणारे किरणोत्सारी कण म्हणजे फॉलआउट. १ मार्च १९५४ला बिकिनी बेटांवर अमेरिकेनं केलेल्या चाचणीची शक्ती अंदाजे ६ मेगाटन (म्हणजे ६,००० किलोटन) धरली होती, निघाली १५. स्फोटात उडालेला प्रवाळाचा किरणोत्सारी पांढरा भुगा ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर पडला. बोटीवर २३ जण होते. जपानीत त्या भुग्याला ‘शि नो हाइ’, मृत्यूची राख, म्हणतात. माझं मत ‘किरणोत्सारी राख’ला. डोळ्यांपुढे लगेच उभी राहते. हिरोशिमाच्या दृश्यात मात्र जपून वापरा. तिथला स्फोट जमिनीपासून जवळपास ६०० मीटरवर झाला, आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, त्यामुळे अशी राख तुलनेनं कमी पडली.

व्याकरणवाला :
परिसंवादाच्या पत्रिकेत ‘अण्वस्त्रबंदी करार (१९६८)’ छापलंय का? १९६८चा तो अण्वस्त्र-प्रसारबंदी करार. त्यात पाच देशांकडची अण्वस्त्रं गृहीतच धरली आहेत. अण्वस्त्रबंदी करार २०१७चा, लागू २२ जानेवारी २०२१पासून. १९९६चा तिसराच, अणुचाचणीबंदीचा. भारत तिन्हींच्या बाहेर आहे, त्यामुळे ‘करारावर भारताची भूमिका’ या विषयात कुठला करार ते लिहिलं नाही, तर तीन वक्ते तीन करारांवर बोलून जातील.

सबटायटलकार :
पत्रिका अजून छापखान्यात आहे. ‘प्रसार’ घालून घेतो.