बाफले चालतील की
उन्हाळ्यात सहलीला बाट्या (विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे) नकोत, तासभर विस्तवापाशी कोण बसणार, असं कुणीतरी लिहिलंय. बाट्यांपुरतं पटलं. पण आमच्या इंदूरकडे बाफले करतात, तेही कणकेचे गोळेच, पण आधी उकळत्या पाण्यात शिजवून मग भाजायचे. उकडायचं काम सकाळीच घरी उरकतं. तरंगून वर आले की काढायचे. आणि फडक्यावर कोरडे होऊ द्या! मागच्या मे महिन्यात इंदूरजवळच्या चोरलला सहलीला जाताना मी घाईत ओलेच डब्यात भरले, तर गोवऱ्यांवर टाकल्याबरोबर अशी राख चिकटली की सासूबाई सुरीने खरवडत बसल्या.

बाफले निघाले की त्याच राखेत कैऱ्या पुरा. साल काळी पडून गर मऊ झाला की गूळ, जिरेपूड, काळं मीठ घालून पन्हं. बर्फ तेवढा घरून न्या.