असोसियादो म्हणजे असोसिएट नव्हे? बायोडेटातल्या स्पॅनिश पदांचं इंग्रजी

प्रश्न

एका प्राध्यापकाचा बायोडेटा स्पॅनिशमधून इंग्रजीत करायचा आहे, जाणार अमेरिकेतल्या विद्यापीठाकडे. पदं क्रमाने अशी: अर्जेंटिनात ‘प्रोफेसोर अदखुन्तो’, मग स्पेनमध्ये ‘प्रोफेसोर असोसियादो’, ‘आयुदान्ते दोक्तोर’ आणि सध्या ‘तितुलार दे उनिबेर्सिदाद’. खाली ‘आक्रेदितादो कातेद्रातिको’ अशीही एक ओळ आहे. शब्दाला शब्द ठेवला तर माणूस आधी अ‍ॅडजंक्ट (तासिका तत्त्वावरचा), मग असोसिएट आणि नंतर खाली घसरून असिस्टंट झालेला दिसतो. नेमकं काय लिहावं?

उत्तर १

घोळ ‘असोसियादो’चा आहे. स्पेनमध्ये हे पद मुख्य व्यवसाय विद्यापीठाबाहेर करणाऱ्याचं: वकील, वास्तुविशारद वगैरे, जो विद्यापीठात थोडे तास शिकवतो. 2023 च्या विद्यापीठ कायद्याने, म्हणजे ‘लोसू’ने, त्याला वर्षाला जास्तीत जास्त 120 तास शिकवण्याची मर्यादा घातली आहे. म्हणून ‘पार्ट-टाइम लेक्चरर’ किंवा ‘अ‍ॅडजंक्ट लेक्चरर’ लिहा.

बाकीची पदं सरळ आहेत. कातेद्रातिको म्हणजे फुल प्रोफेसर. तितुलार म्हणजे असोसिएट प्रोफेसर, आणि हा कायम सरकारी सेवक असल्यामुळे ‘टेन्युअर्ड’ लिहायला हरकत नाही. आयुदान्ते दोक्तोर म्हणजे असिस्टंट प्रोफेसर. मात्र पुढे ‘टेन्युअर-ट्रॅक’ (कायम जागेकडे नेणारं पद) जोडू नका. लोसूनुसार करार सहा वर्षांचा असतो आणि कायम जागा आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळी निवड स्पर्धा जिंकावी लागते.

उत्तर २

वरचं सगळं स्पेनपुरतं. अर्जेंटिनाची शिडी वेगळी: सगळ्यात वर तितुलार, खाली असोसियादो, मग अदखुन्तो, त्याखाली हेफे दे त्राबाखोस प्राक्तिकोस (प्रात्यक्षिकं सांभाळणारा). म्हणजे तिथला तितुलार फुल प्रोफेसर, असोसियादो खरोखरच असोसिएट आणि तुमचा अदखुन्तो असिस्टंट प्रोफेसर. ‘अ‍ॅडजंक्ट’ लिहिलंत तर अमेरिकेतला वाचक त्याला तासिका तत्त्वावरचा शिक्षक समजेल. कोलंबिया आणि चिलीतही तितुलार सर्वांत वरचाच. तेव्हा पद वाचण्याआधी देश बघायचा, मगच कोश उघडायचा.

अर्जेंटिनाच्या पदापुढे ‘देदिकासियोन’ (कामाचे तास) दिलं आहे का तेही बघा. एक्सक्लुसिबा म्हणजे आठवड्याला 40 तास, सेमी म्हणजे 20, सिंप्ले म्हणजे 10. अदखुन्तो सिंप्ले असेल तर ‘असिस्टंट प्रोफेसर’नंतर ‘पार्ट-टाइम, 10 तास’ हे आलंच पाहिजे, नाहीतर पद फुगवल्यासारखं होईल.

उत्तर ३

‘आक्रेदितादो’ची ओळ नीट हाताळा. ‘आनेका’ ही स्पेनची राष्ट्रीय मूल्यांकन संस्था एखाद्याला त्या पदासाठी पात्र ठरवते. जागा मात्र विद्यापीठाने जाहिरात काढून भरायची असते. तेव्हा ‘फुल प्रोफेसर’ असं मोकळं लिहिणं म्हणजे नसलेलं पद देणं. ‘फुल प्रोफेसर पदासाठी आनेकाकडून मान्यताप्राप्त’ अशा अर्थाची ओळ करा, आणि ती नोकऱ्यांच्या यादीत न घालता पात्रतेखाली ठेवा.

मूळ स्पॅनिश पद प्रत्येक ठिकाणी तिरक्या अक्षरात कंसात राहू द्या. पडताळणी करणारा दाखल्यावरच्या शब्दाशीच ताडून बघतो. ‘प्रोफेसोरा’, ‘कातेद्रातिका’ ही स्त्रीलिंगी रूपंही दाखल्यात असतील तशीच ठेवा.

प्रश्नकर्ता

आभार. मधल्या दोन वर्षांसाठी ‘कोंत्रातादो दोक्तोर’ही निघालं. आणि हाच बायोडेटा उद्या ब्रिटनला पाठवायचा झाला तर?

उत्तर १

कोंत्रातादो दोक्तोरही कायमच, पण सरकारी सेवक नव्हे, कामगार करारावरचा. लोसूने या पदाचं नाव ‘पेर्मानेंते लाबोराल’ केलं. जुन्या दाखल्यावर जुनंच नाव ठेवा. इंग्रजीत बहुतेक जण इथेही असोसिएट प्रोफेसर लिहितात. मग तो आणि तितुलार एकच वाटतात, म्हणून एकापुढे ‘कायम करार’ आणि दुसऱ्यापुढे ‘सरकारी सेवक’ अशा अर्थाचे दोन शब्द जोडावेत.

ब्रिटनसाठी तितुलारला ‘सीनियर लेक्चरर’ आणि आयुदान्ते दोक्तोरला ‘लेक्चरर’ चालतं. फक्त एका बायोडेटात दोन्ही पद्धती मिसळू नका.

उत्तर २

माझं मत थोडं वेगळं. ब्रिटनमधल्या कित्येक विद्यापीठांनी आता असोसिएट प्रोफेसर हेच नाव घेतलं आहे. ज्या विद्यापीठाकडे अर्ज जातोय तिथली नावं बघून ठरवा. आणि एक जाता जाता: ‘कातेद्रातिको दे इन्स्तितुतो’ कुठे दिसला तर तो माध्यमिक शाळेतला वरिष्ठ शिक्षक आहे, त्याला प्रोफेसर करू नका.