जपानी सेवापदके : मागे कोरलेले वर्ष आणि विरलेली फीत

परभणीकर_संग्राहक :
नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागातील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून मी एक जपानी पदक घेतले आहे. गोल, पांढऱ्या धातूचे, त्यावर क्रॉस, बांबू आणि पानाफुलांची नक्षी. लाल फितीच्या कडांजवळ दोन निळ्या पट्ट्या. मागे मेइजी २१, म्हणजे १८८८ हे वर्ष कोरलेले असल्याचे वेरूळला भेटलेल्या एका जपानी प्रवाशाने वाचून सांगितले. व्यापाऱ्याकडे अशी आणखी पदके आहेत आणि त्या वर्षामुळेच तो भाव चढवून सांगतो. ती घ्यावीत का? फीत विरली आहे. ती बदलून पदक उजळून घ्यावे काय?

गोदाकाठ_नांदेड :
हे जपानी रेड क्रॉसचे सदस्यत्वपदक आहे. ही संस्था १८७७ मध्ये 'हाकुआइशा' या नावाने सुरू झाली आणि १८८७ मध्ये तिने आजचे नाव घेतले. मागचे वर्ष पदक सुरू झाल्याचे आहे, आपले पदक घडवल्याचे नव्हे. तोच मजकूर पुढे कित्येक दशके छापला जात राहिला. सभासद पुष्कळ असल्याने ही पदके दुर्मीळ नाहीत, तेव्हा केवळ १८८८ पाहून एक रुपयाही जास्त देऊ नये. मूळ पेटी आणि सोबतचे प्रमाणपत्र असेल, तर मात्र जरूर विचार करावा, कारण ते पदक कोणाला आणि कधी मिळाले हे त्या कागदावरूनच कळते.

जुनी_पेठ_लातूर :
फीत कृपया बदलू नका. रेड क्रॉसच्या पदकाची ओळख नक्षीवरूनही पटते, पण १८८१ मध्ये सुरू झालेल्या 'होशो' या सन्मानपदकांची जात फितीच्या रंगावरूनच ओळखतात : जीव वाचवणाऱ्याला लाल, लोकोपयोगी कामाला निळी, १९१८ पासून सार्वजनिक कार्यासाठी देणगी देणाऱ्याला गडद निळी. तिथे नवी फीत लावली की पदकाचा अर्धा इतिहास गेला. घासण्याच्या पुडीपासूनही पदक दूर ठेवा. चांदीवर चढलेला काळपटपणा हा तिच्या वयाचा भाग आहे आणि 'उगवता सूर्य' किंवा 'पवित्र ठेवा' या मानचिन्हांवरची मीनाकारी तर हलक्या धक्क्यानेही तडकते. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ती ठेवू नयेत.

परभणीकर_संग्राहक :
मनःपूर्वक आभार. त्या व्यापाऱ्याकडे एक पदक काळ्या पेटीसह आहे, आत घडी घातलेला कागदही आहे. बाकीची सोडून त्याचीच बोलणी करतो आणि कागदाचे छायाचित्र येथे देतो.